इंदूर बघून आलेल्या पोराला उत्तर (लांबलंय, चहा घेऊन बसा)

टॉवेलवाला

'जुळे सोलापूर' या पोराची परवाची पोस्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी थोडक्यात: साहेब चार दिवस इंदूरला जाऊन आले. तिथं रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात येते, रात्री एक वाजता सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, बायका-पोरं निवांत खात उभी असतात. मग सोलापूर स्टेशनावर उतरले, बाहेर आले आणि साक्षात्कार झाला की "आपलं गाव कधीच मेलंय, आपण मढ्याला उदबत्ती ओवाळतोय." शेवटची ओळ: "सिस्टीमला नावं ठेवू नका, सोलापूरची माणसंच त्या लायकीची नाहीत." त्याखाली अंगठ्यांची रांग. त्यात माझा सख्खा भाचा पण.

दोन ओळींत उत्तर देणार होतो. रात्री झोप लागेना म्हणून उठून बसलो.

बाळा, मी बावीस वर्षं टेरी टॉवेलची सॅम्पल पिशवीत घालून हिंडतोय. सुरत, इंदूर, कोइमतूर, लुधियाना, पानिपत. तुझं जे आत्ता झालंय ते माझं पहिल्याच फेरीला झालं होतं. कोइमतूरला गेलो. आपल्यासारखंच गिरण्यांचं गाव. पण तिथं सूतगिरण्यांच्या जोडीला पंप, मोटारी, ओतकाम असलं सगळं उभं होतं. एक धंदा बसला तर माणूस दुसऱ्यात शिरायचा. आपल्याकडं जुनी गिरणी साठच्या दशकात बसली, लक्ष्मी-विष्णू नव्वदीत, आणि मागं राहिल्या चिमण्या आणि रिक्षा. घरी आल्यावर वडिलांना म्हणालो, "अण्णा, आपलं गाव मेलंय." ते गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मग तेरावं कधी घालतोस?"

पुढं सुरतेला एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं मला दुपारभर बसवून घेतलं. १९९४ ला तिथं प्लेग आला तेव्हाचं सांगत होता. लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं पळाली, हा स्वतः दुकानाची किल्ली शेजाऱ्याकडं टाकून बायकोच्या माहेरी. देशभर सुरत म्हणजे घाण असंच समीकरण. पुढल्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी ऑफिसात न बसता वॉर्डात हिंडायचं, कचरा उचलला की नाही ते डोळ्यानं बघायचं, असा दंडक घातला. दोन वर्षांत तेच गाव देशातल्या स्वच्छ शहरांत मोजायला लागले. आता मला सांग, माणसं बदलली का? तेच व्यापारी, तेच ओडिशाचे कामगार, तीच तापी. मग लायकी कुठून आली? रेल्वेनं?

आणि तुझ्या इंदूरचं. जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीची पहिली वीस गावं निघाली, त्यात सोलापूर नवव्या नंबरावर होतं आणि इंदूर अकराव्या. कागदावर दोन पायऱ्या वर होतो बे आपण त्यांच्या! ते २०१७ पासून दरवर्षी स्वच्छतेत पहिले. आपण काय केलं ते आपल्या रंगभवन चौकापासून चालत जा, दिसेल.

म्हणून मला आता परत आल्यावर गाव मेलेलं दिसत नाही. ज्यानं माग चालवलाय त्याला कळेल. ताण्याचा एक धागा तुटला की माग थांबतो. माग मेला असं कुणी म्हणत नाही. विणकर कुठं चहाला गेलाय ते बघतात.

जाता जाता. मागच्या उन्हाळ्यात तुझ्याच गल्लीत पाहुण्यांकडं आलो होतो. पाण्याचा दिवस होता. पाच-सहा घरांच्या नळांना तोट्या नाहीत, टाक्या भरल्यावर पाणी धो धो गटारात. इंदूरच्या कचरागाडीचे फोटो काढायच्या आधी एक तोटी विकत घ्यायची होती.

जुळे सोलापूर

काका, लांबलंय खरं, पण मुद्दा शेवटच्या चार ओळीतच, की माझ्या नळाला तोटी नाही.

आधी तुमची सुरत. तुमच्याच गोष्टीत प्लेग आला, माणसं मेली, पळाली, मग आयुक्त आला. आपण काय प्लेगची वाट बघायची का? आणि आपल्याकडं बरा अधिकारी आला की त्याच्या बदलीचा अर्ज त्याच्या सामानाच्या आधी पोचतो. तो अर्ज कोण करतं? माणसंच ना?

आता आकडे. २००१ च्या जनगणनेत सोलापूर ८ लाख ७२ हजार. २०११ ला ९ लाख ५१ हजार. दहा वर्षांत ऐंशी हजार. तेवढ्याच काळात नाशिक १० लाख ७७ हजारावरून १४ लाख ८६ हजार. ऐंशी हजार माणसं तर नुसत्या बाळंतपणात वाढतात. म्हणजे येणारा कुणी नाही आणि जाणारे रोज पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडतायत. माझ्या दहावीच्या ग्रुपवर एक्केचाळीस पोरं आहेत, गावात सहा. त्यातले दोघं बापाच्या दुकानात, एक मी. माग थांबलाय म्हणता, विणकर चहाला गेलाय म्हणता. विणकर हिंजवडीला गेलाय काका. परत येत नाही.

आणि तोटीचं. मी मुद्दाम काढलीय. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही रात्री दीडला, तेही करंगळीएवढं. तोटी लावली की प्रेशर अडतं. पाईप सरळ मोटरला जोडतो, टाकी भरली की मोटर बंद. दोन मिनिटं वाहिलं असेल तेव्हाच तुम्ही नेमके फोटो काढायला उभे.

बार्शी लाईट

जिल्ह्याच्या ठिकाणचे लोक जिल्ह्याच्या ठिकाणाला रडतायत हे बघून बार्शीत आज पेढे वाटले.

निवृत्त फिटर

@जुळे सोलापूर तोटीनं प्रेशर अडतं हे कुणी शिकवलं? एकतीस वर्षं पाईप जोडण्यात गेली माझी. उघडी तोटी आणि उघडा पाईप यात बादलीमागं फरक पडला तर अर्धं मिनिट. प्रेशर अडतं ते तुझ्या मोटरनं. तुझं नाही, पुढच्या घराचं.

नीट ऐक. गल्लीतला पाईप म्हणजे एक लोटी समज. पहिल्या घरानं अर्धा एचपीची मोटर लावून ओढायला सुरुवात केली की लोटीत पाणी भरायच्या आधीच संपतं. शेवटच्या घराला नळातून नुसती हवा, फुस्स. मग तो एक एचपीची आणतो. मग तू दीडची. अशी ही गल्ली सगळी. आणि मोटर ओढते तेव्हा पाईपात पोकळी होते. जॉईंट जुने, शेजारून गटार. जिथं भेग असेल तिथून ते आत येतं. पहिली दहा मिनिटं पाण्याला वास येतो म्हणून लोक ओरडतात ना, तो वास बहुतेकदा कुणाच्या तरी मोटरनं ओढून आणलेला असतो.

तुझ्या इंदूरलाच डिसेंबर २०२५ ला भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आणि माणसं गेली. आठ वेळा पहिला नंबर काढलेलं गाव. वर झाडलेलं सगळ्यांना दिसतं. खालचा पाईप कुणी बघत नाही.

विमानवेडा

इथं कुणी मूळ मुद्द्यावर बोलणार आहे का??? गावाला उद्योग का आला नाही? विमान नव्हतं म्हणून! आयटीवाला तुमच्या तोट्या बघून येत नाही! बोरामणीला विमानतळासाठी जमीन घेऊन ठेवली, माळढोक पक्ष्याच्या नावानं अडली. इकडं होटगी रोडला धावपट्टी तयार आणि समोर साखर कारखान्याची चिमणी! ती पाडायला १५ जून २०२३ उजाडला. वर्षं गेली नुसती! आता जून २०२५ ला गोव्याचं विमान सुटलं, ऑक्टोबरात मुंबईचं. बघा पाच वर्षांत काय होतं!

ऊस आणि आम्ही

चिमणी पाडली त्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजवल्या असतील. माझा ऊस त्या चिमणीच्या जिवावर जायचा. जून २०२३ ते जून २०२५ म्हणजे दोन वर्षं. घाई कसली होती मग? चिमणी पाडायला सगळे हजर, विमान उडवायला दोन वर्षांनी. आणि उडालं कुठं, तर गोव्याला. आमच्यातलं कोण ऊस घेऊन गोव्याला जातंय?

विमानवेडा

हाच तो मागासलेपणा!! एका चिमणीपायी अख्खं शहर ओलीस!

ऊस आणि आम्ही

ओलीस म्हणजे काय ते गळीत बंद पडल्यावर कळतं मालक. विमानाच्या खिडकीतून नाही दिसत.

कोथरूडकर (मूळ दत्त चौक)

चर्चा वाचून वाईट वाटलं. मी १९९८ मध्ये गाव सोडलं आणि खरं सांगतो, आयुष्यातला सर्वांत योग्य निर्णय. सोलापूरवर प्रेम आहे, गड्ड्याच्या जत्रेला दर दोन-तीन वर्षांनी येतो, शेंगाची चटणी अजूनही तिकडूनच मागवतो. पण मुलांना दोन दिवसांच्या वर ठेवता येत नाही. पाणी, धूळ, ट्रॅफिकची शिस्त. पुण्यात निदान नागरिक जागरूक आहेत. टॉवेलवाले साहेबांची भावना समजू शकतो, पण भावनेनं शहर चालत नाही.

टॉवेलवाला

@कोथरूडकर साहेब, तुमच्या जागरूक पुण्यात मागच्या मे महिन्यात माझ्या मेव्हण्याच्या सोसायटीत दिवसाला सात टँकर यायचे. ते पाणी चोवीस तास नळाला येतं म्हणून तुम्हाला ते नळाचं वाटतं. चटणी मागवता त्याबद्दल आभार. पुढल्या वेळी चटणीबरोबर एक पोरगं परत पाठवा.

जुळे सोलापूर

कोथरूडकरांनी गाव सोडलं ते योग्य, मी सोडलं नाही तर मलाच मोटर काढायचं लेक्चर. भारी आहे.

फिटर काका, तुमचं शास्त्र मान्य. पण माझ्या घरात वडिलांचं डायलिसिस झालंय, आई गुडघ्यानं बसू शकत नाही. पाच दिवसांनी येणारं पाणी मी आदर्श नागरिक म्हणून शेवटच्या घराला सोडून द्यायचं आणि मग टँकर मागवायचा? आधी रोज पाणी द्या, मग मोटर काढतो. तुमचीच पिढी तीस वर्षं 'रोज पाणी येणार' म्हणत होती. उजनी ११७ टीएमसीचं धरण, उशाशी, आणि आम्ही घागरी मोजतोय.

निवृत्त फिटर

उशाशी नाही, एकशे दहा किलोमीटरवर. आणि ११७ मधला निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे, तो सहज हाताला लागत नाही. बाकीच्यावर ऊस, उद्योग, सगळेच. गावाला काही पाणी पाईपनं येतं, काही भीमेतून सोडून औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलायचं. नदीतून आणलेलं पाणी वाटेत किती मुरतं, किती उपसलं जातं ते वेगळं सांगायला नको. पण इंदूरला तरी कुठं उशाशी आहे? नर्मदेवरून, जलूदहून सत्तर किलोमीटर, तेही डोंगर चढवून उपसतात. ते महाग पाणी आहे हे त्यांना ठाऊक आहे.

टॉवेलवाला

आणि तरी माझ्या इंदूरच्या व्यापाऱ्याकडं एक दिवसाआडच येतं. हे पोरगं हॉटेलात उतरलं होतं, त्याला कुठून कळणार. हॉटेलच्या शॉवरमधून कुठलंच गाव तहानलेलं दिसत नाही.

अक्का, पूर्व भाग

मी सहसा लिहीत नाही. वाचते फक्त. पण तुम्ही सगळे मोटर मोटर करताय तर शेवटचं घर माझं आहे म्हणून लिहिते.

आमच्याकडं नळ असा वर नाहीच. रस्त्याच्या खाली गुडघाभर खड्डा आहे, त्यात पाईपचं तोंड. वरच्या नळाला पाणी चढत नाही म्हणून सासऱ्यांनी फरशी फोडून खाली उतरवला. रात्री अडीच-तीनला पाणी येतं. सासूबाई खड्ड्याच्या काठावर गोणपाट टाकून बसतात, वाटीनं घागरीत भरतात. वाटी, वाटी, वाटी. दोन घागरी होतात न होतात तोवर वरच्या गल्लीतल्या बंगल्याची मोटर सुरू होते. आम्हाला आवाज ऐकू येतो. मग धार सुतासारखी बारीक होते. मग तुटते. सासूबाई तरी वाटी धरून बसतात. एकदा मी म्हटलं, अत्ता, उठा, गेलं पाणी. म्हणाल्या, थांब गं, त्यांची टाकी भरली की येईल. ती टाकी भरेपर्यंत पाण्याची वेळ संपते. सकाळी त्याच हातांनी सहाशे विड्या वळतात.

तर जुळे सोलापूर भाऊ, तुमच्या वडिलांना बरं वाटू दे, मनापासून. पण "माणसंच लायकीची नाहीत" हे तुम्ही लिहिलं तेव्हा त्यात सासूबाई होत्या का? त्यांनी कधी कागदाचा कपटा रस्त्यावर टाकला नाही. टाकायला त्यांच्याकडं काही नसतंच.

आणि टॉवेलवाले अण्णा, तुमचं पण गाव आणि माझं गाव एक नाही. तुम्ही सुरत-कोइमतूर बघून मोठे झालात. आम्ही बाहेर जातो ते तेलंगणात सिरसिल्ल्याला, पाहुण्यांकडं, लग्नकार्याला. तिथंही मागच. आत्महत्या झाल्या तिथं, खूप. मग २०१७ पासून तिथल्या सरकारनं बतुकम्मा सणाला वाटायच्या साड्या त्यांच्याकडून विणून घ्यायला सुरुवात केली. मामाच्या घरी फ्रीज आला, पोरगी इंजिनिअरिंगला गेली. मीही परत येताना हेच म्हणत होते, आपलं गाव मेलं. पुढं सरकार बदललं, साड्यांच्या ऑर्डरी आटल्या, आता मामाचा फोन येतो की सोलापुरात काही काम असेल तर बघ. म्हणून मी कुठल्या गावाला फार भुलत नाही.

बार्शी लाईट

पेढे परत घेतले.

जुळे सोलापूर

अक्का, तुमचं वाचून दोन तास काही लिहिलं नाही. लायकीचं वाक्य काढून टाकतो. काढलं. पण मुद्दा काढत नाही. वरच्या गल्लीतला बंगलेवाला मोटर लावतो तो पण सोलापूरकरच. तो इंदूरला गेला की कचरा डब्यात टाकतो, परत आला की मोटर. मीही त्यातलाच, कबूल. मग हे "लोक" नाही तर काय आहे?

निवृत्त फिटर

मीटर नाही, ते आहे.

महिन्याला ठरलेली पट्टी भरायची, मग बादली घे की विहीर भर, पैसे तेवढेच. मग कोण मोटर लावणार नाही? कराडजवळच्या मलकापूरला घरोघर मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. छोटं गाव आहे, मान्य. पण शेजारचं कलबुर्गी, जिथं आपण रेल्वेनं दोन तासांत पोचतो, तिथं आणि हुबळी-धारवाडला काही भागांत पंधरा वर्षांपूर्वीच चोवीस तास पाणी सुरू केलं, मीटरवर. पहिल्यांदा लोकांनी टाक्या उपसून परत भरल्या, शिळं म्हणून. मग टाक्याच काढल्या. कारण नळ उघडला की पाणी आहे तर साठवायचं कशाला? आपल्याकडं दर पाण्याच्या दिवशी अख्खं गाव उरलेलं "शिळं" पाणी ओततं आणि नवं भरतं. तेवढ्यात पूर्व भाग भागला असता.

लाल बावटा जुना

वाटच बघत होतो मीटर कधी येतंय. आधी मीटर, मग कंपनी, मग बिल, मग कनेक्शन तोडणार. विडीवाल्या बाईला मीटरचं पाणी? या गावात कामगारांनी मोर्चे काढून घरं मिळवलीत. कुंभारीला रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांचं, ते काय स्मार्ट सिटीच्या सादरीकरणातून? आणि फिटर साहेब, आमच्याकडं पाणी यायच्या आधी पाच मिनिटं नळातून नुसती हवा येते. ती हवा मीटर फिरवणार. हवेचं बिल कोण भरणार, तुम्ही?

निवृत्त फिटर

हवेनं मीटर फिरतं, खरं आहे. म्हणूनच आधी पाणी सलग पाहिजे, मग मीटर. दोन्ही बरोबरच करावं लागतं, भाग भाग करून. नुसता धरणापासूनचा पाईप दुप्पट करून रोज पाणी येत नाही, गावातल्या टाक्या आणि वाटप सुधारावं लागतं. आणि पहिले इतके लिटर गरिबाला नाममात्र दरात, पुढं चढता दर, असं करता येतं. मलकापूरनं चढताच दर लावला. त्याला भांडवलशाही म्हणायची असेल तर म्हणा.

लाल बावटा जुना

म्हणतोच.

विमानवेडा

पाण्यावर एवढं पुराण! कार्गो सुरू झालं तर टॉवेल थेट दुबईला जाईल, हे टॉवेलवाल्यांनाही सुचू नये??

टॉवेलवाला

विमानानं टॉवेल पाठवणारा व्यापारी मला दाखव, त्याच्या पाया पडतो. टॉवेल वजनावर आणि आकारमानावर मरतो. समुद्रानं जातो बाबा तो, डब्यात दाबून.

अक्का, पूर्व भाग

अण्णा, टॉवेलचा विषय निघालाच आहे तर एक विचारते, राग मानू नका. तुमच्या पिशवीतली सगळी सॅम्पल आपल्याच मागावरची असतात का? आमच्या भावाचे सहा माग होते, चादरीचे. आता दोन. तो म्हणतो सोलापुरी चादरीला जीआयचा, म्हणजे मूळ गावाच्या ओळखीचा शिक्का मिळाला, पण दुकानात 'सोलापुरी' म्हणून पानिपतची विकतात, आणि विकणारे आपलेच.

टॉवेलवाला

(उत्तर द्यायला दीड दिवस घेतला, माहीत आहे.)

असतात अक्का. सगळी आपली नसतात. दहा गाठींत दोन पानिपतच्या असतात, टॉवेलच्या. चादर मी विकत नाही, पण ते सांगून सुटका करून घेत नाही. गिऱ्हाईक म्हणतं अमुक भावात दे, आपल्या मागवाल्याला तो भाव परवडत नाही, तिकडच्याला परवडतो. मी सही करतो. पानिपतला पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांची यंत्रं बघून रात्रभर गाडीत बसून राहिलो होतो. आपला जुना माग खट् खट् करत जेवढा दिवसभर काढतो तेवढं ते चहा होईपर्यंत काढतात. ते वरच्या पोस्टमध्ये लिहिलं नाही. सुरतेचं लिहायला सोपं होतं.

जुळे सोलापूर

म्हणजे विणकर चहाला गेला नव्हता काका, त्याचं काम तुम्ही पानिपतला दिलंत. बाकी माग मेला नाही हे खरंच.

टॉवेलवाला

घे. मारलास. एक तुझा.

कोथरूडकर (मूळ दत्त चौक)

हेच मी म्हणत होतो, भावनेनं शहर

बार्शी लाईट

साहेबांचं वाक्य अर्धंच आलं. टँकर आला वाटतं.

ऊस आणि आम्ही

आता एक माझंही ऐका. तुम्ही सगळे इंदूर, सुरत, पानिपत. मी सोलापूर सोडून फक्त पंढरपूर आणि एकदा तुळजापूर. आमच्या गावातून बघितलं तर सोलापूर म्हणजेच मोठं शहर. दवाखाना तिथं, कॉलेज तिथं, पोरीचं लग्नाचं कापड तिथं. माझी आई एक महिना दवाखान्यात होती, बाहेर टपरीवाल्यानं रोज गरम पाणी फुकट दिलं, नाव पण विचारलं नाही. तुम्ही मेलं मेलं म्हणताय त्या गावात आम्ही जगायला येतो. एवढंच. चिमणीचं मात्र मी विसरणार नाही.

विमानवेडा

चिमणीचं विसरा हो आता!

ऊस आणि आम्ही

नाही विसरणार.

निवृत्त फिटर

@जुळे सोलापूर मोटरचं काय ठरलं?

जुळे सोलापूर

मोटर काढणार नाही. खोटं कशाला बोलू. घरात आई-वडील आहेत. पण एक केलंय. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकलं की पहिला पाऊण तास कुणी मोटर लावायची नाही, आधी खालच्या टोकाची घरं भरू देत. चौदापैकी पाच 'ओके' म्हणाले. दोघांनी ग्रुप सोडला. एकानं विचारलं, इलेक्शनला उभा राहायलास का बे?

आणि हो, तोटी बसवली. खूश?

निवृत्त फिटर

पितळी की प्लास्टिकची?

जुळे सोलापूर

पितळी. चांगली घेतली की.

निवृत्त फिटर

आज रात्री काढून घरात ठेव. प्लास्टिकची बसव. पितळी दोन दिवसांत भंगारात जाते, माझ्या तीन गेल्यात.